भट्टीवाल्याचं रक्त

सुई टोचली तेव्हा डोळे भट्टीवाल्यानं घट्ट मिटून घेतले. हात मात्र त्याच्या बायकोचा होता.

"अहो, टोचलं मला आणि कळवळताय तुम्ही!" ती म्हणाली.

कंपाउंडरला हसू आलं. भट्टीवाल्याचा तो जुना दोस्त. कारखान्याच्या दवाखान्यातली सुई आणि बाटली खिशात घालून तो भर दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. बाटली भरली तशी त्यानं तिच्यावर भट्टीवाल्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. "पकडले गेलो तर दोघांनाही घरचा रस्ता दाखवतील," तो पुटपुटला, आणि पुढ्यातला चहा फुंकून फुंकून प्यायला.

तांब्याच्या कारखान्यात खनिज वितळलं की त्यातलं शिसं धुराबरोबर वर उडतं आणि पिठासारखी बारीक धूळ होऊन माणसांवर बसतं. म्हणून भट्टीवरच्या सगळ्यांचं रक्त दरवर्षी तपासत. ज्याच्या रक्तात शिसं जास्त निघे, त्याला भट्टीवरून उतरवून गेटवर बसवत. भट्टीवाल्याच्या जोडीदाराला असंच बसवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना हात दाखवता दाखवता तो बिचारा निम्मा झाला. भट्टीवाल्याला तसं जगायचं नव्हतं. भट्टीवर त्याचा जीव होता. ज्वाळेचा रंग पालटायला लागला की त्याच्या अंगात अजूनही वारं भरे.

पण यंदा त्याला धडकी भरली होती. सारा जन्म त्या धुळीत गेलेला. आता आपलं रक्त नासलेलंच निघणार, अशी त्यानं मनाशी गाठ बांधली होती. जेवणावरची त्याची वासना उडाली, तेव्हा बायकोनंच तोड काढली.

"माझं द्या की त्यांना! मी कधी तुमच्या त्या गेटाच्या आत पाऊल तरी टाकलंय का? माझं रक्त निवळशंख असणार."

"आणि कंपनीला कळलं तर?"

"रक्तावर काय नवरा-बायको लिहिलेलं असतं?"

तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. घरात सगळं तिच्याच तंत्रानं चाले. तो कामावरून आला की ती त्याला मागच्या दारातच अडवी. "तसेच आत घुसू नका!" तिथंच कपडे उतरवायला लावी. मग ते कठड्यावर आपटून, झटकून शेवटचा कण निघेपर्यंत तिचं समाधान होत नसे. कारखान्यात कपडे धुऊन मिळत. पण तिथं सगळ्यांचे कपडे एकत्र उकळतात आणि शर्टाची कॉलर बसते, म्हणून ते तिला मुळीच पसंत नव्हतं. कपडे झाले की ती त्याचा भट्टीवरचा मास्क घेई. दातांच्या जुन्या ब्रशनं त्याच्या घड्या घासायच्या, तळहातावर आपटायचा आणि कोपऱ्यात अडकलेली धूळ तोंडानं फुंकून काढायची. दुसऱ्या दिवशी तो असा लख्ख होऊन कामावर जाई की बाकीचे त्याला नवरदेव म्हणून चिडवत. तो वरवर चिडे. मनातून मात्र त्याला केवढा अभिमान वाटे! अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं तो कंपाउंडरला कितीदा तरी ऐकवून चुकला होता.

हल्ली तिच्या हातून भांडी निसटत. "तुझ्या धाकानं पळतात ती," असं तो म्हणे. पोट दुखतं म्हणून ती मधेच आडवी होई. वय झालं आता, असं म्हणून दोघंही तो विषय सोडून देत.

रक्त देऊन आठवडा झाला आणि दवाखान्यातून बोलावणं आलं. भट्टीवाला शीळ घालतच गेला. कंपनीच्या डॉक्टरबाईंनी खुर्ची दाखवली आणि स्वतः उठून दार लावलं. त्याची शीळ ओठांतच राहिली.

"काका, खरं सांगा. तुम्ही मास्क लावत नाही ना?"

"लावतो की! हा बघा." त्यानं खिशातून मास्क काढून टेबलावर ठेवला. नवा वाटावा इतका स्वच्छ.

डॉक्टरबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. त्या गोंधळल्या. "मग एवढं शिसं आलं कुठून? या कारखान्यात कुणाच्याच रक्तात मी इतकं पाहिलेलं नाही. पोटात कळा येतात का तुमच्या? हातातून वस्तू पडतात?"

भट्टीवाल्याची नजर त्या मास्कवर गेली.

"ही धूळ श्वासातून जाते, काका. कपडे झटकले तरी उडून नाकातोंडात जाते. तुम्हाला आजच्या आज भट्टीवरून उतरवायला हवं, आणि औषधही लगेच सुरू करायला हवं."

त्याला मागचं दार दिसलं. उन्हात तरंगणारी धूळ दिसली. त्या धुळीत ओठांचा चंबू करून मास्क फुंकणारी ती दिसली. त्याच्या नाकाशी जे जे अडलं होतं, ते सगळं तिनं रोज हौसेनं आत ओढून घेतलं होतं. खरं बोललं तर भट्टीच काय, गेटसुद्धा मिळणार नव्हतं. पण भट्टीची त्याला आता आठवणही राहिली नव्हती.

"डॉक्टर, ते रक्त माझं नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझ्या बायकोचं आहे. कंपाउंडरला मीच गळ घातली. मला काय करायचं ते करा, पण तिला आधी औषध द्या."

डॉक्टरबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी पेन उचललं.

"त्या कुठल्या भट्टीवर असतात?"

"ती घरी असते," तो म्हणाला.