पंचवीसच्या आत

स्पीडगनच्या पडद्यावर एक्केचाळीस हा आकडा उमटला.

"पुन्हा घ्या," नॅटली म्हणाली.

पुन्हा घेतलं. बेचाळीस. तिसऱ्यांदा एक्केचाळीस. तीन वेळा इतका जवळचा आकडा आल्यावर यंत्राला दोष देता येत नाही, हे भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. मावशीच्या स्कूटरचा वेग मोजा, असा अर्ज तिनेच दिला होता.

आठ दिवसांपूर्वी तिची बर्थामावशी सकाळच्या मिसाला चर्चमध्ये जाताना वाकोल्याच्या वळणावर भाजीवाल्या धोंडिरामला धडकली. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी लायसन्स मागितलं. एकसष्ट वर्षांत मावशीने ते कधी काढलंच नव्हतं, कारण तिच्या विजेच्या स्कूटरला लागत नव्हतं. अडीचशे वॉटच्या आतली मोटर आणि ताशी पंचवीसच्या आतला वेग असेल, तर ना नंबर, ना लायसन्स, ना विमा. हा नियम वाचूनच नॅटलीने ती स्कूटर निवडली होती. गेल्या पावसात पाणी शिरून ती बंद पडायला लागली, तेव्हा दुरुस्तही तिनेच केली होती. तिचा एकेक स्क्रू तिला पाठ होता. म्हणूनच तिने पोलिसांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की ही पंचवीसच्या वर जाऊच शकत नाही.

आत निघाली असती तर मावशी बरीचशी सुटली असती. वर निघाली, म्हणजे आता लायसन्स नसताना, विमा नसताना मोटार वाहन चालवून माणसाला जखमी केल्याचा गुन्हा.

"वेगाचं लॉक काढलंय," आरटीओच्या निरीक्षक सुलक्षणा सावंत म्हणाल्या. अशा आठवड्याला चार तरी येतात, असंही त्यांनी सांगितलं. चालवणाऱ्यावर गुन्हा होणारच, लॉक काढणाऱ्यावरही होईल. कुणी काढलं ते सांगितलंत तर निदान बाईंना ठाऊक नव्हतं एवढं तरी अहवालात लिहिता येईल.

मावशी बाकावर बसली होती. पर्स पोटाशी धरून.

"मी काटा कधी बघितलाच नाय, मॅडम. रस्ता बघू का काटा? हल्ली जरा हलकी पळायची, एवढंच."

नॅटलीने भावाकडे पाहिलं. गॅविन सत्तावीस वर्षांचा. स्वतःच्या बाइकचा सायलेन्सर बदलल्याबद्दल दोनदा दंड भरलेला. गावठाणात त्याला सगळे रॉकेट म्हणायचे. संध्याकाळी पाव आणायला मावशीची स्कूटर तोच न्यायचा. पुरावा आणखी किती लागतो?

"तूच खोललीस ना?"

"मी हातपण नाय लावला."

"मग स्कूटर आपोआप शहाणी झाली?"

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा थांबला. देवाशप्पथ घेतली. गाडी झकास पळते हे आपल्यालाही जाणवलं होतं, पण बॅटरी चांगली लागली असेल असं वाटलं, म्हणाला. नॅटलीला ते ऐकवेना. मावशी कोर्टाच्या पायऱ्या चढणार आणि हा बॅटरीच्या गोष्टी सांगतोय.

"मॅडम, ज्याने केलं त्याचं पूर्ण नाव लिहा," ती म्हणाली. "नातं बघू नका."

"नॅटली, गप बस गं," मावशी पुटपुटली.

सावंत मॅडमनी पेन उघडलं नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही लिहीत नाही, म्हणाल्या. त्यांनी सीट उघडायला लावली, खालचा काळा डबा बाहेर ओढला आणि त्यातून निघालेली एक पांढरी वायर बोटावर घेतली. ही डब्यातून निघून परत त्याच डब्यात जाते. जोडलेली आहे तोवर पंचवीस. तोडली, की गाडी मोकळी.

वायर तोडलेली होती. दोन्ही टोकं सारख्या लांबीची, मोजून कापल्यासारखी. दोन्हींवर लाल रबरी नळी गरम करून घट्ट बसवलेली.

"हात चांगलाय," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे येतात त्या दाताने तोडल्यासारख्या असतात."

गॅविनने वाकून पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सरळ उभा राहिला.

"मीच केलं, मॅडम. लिहा."

नॅटलीची कानशिलं तापली. पाच मिनिटांपूर्वी देवाची शपथ घेणारा माणूस. पण राग चढता चढता अडला. एवढा वेळ नाही म्हणत होता. आत्ताच का? वायर बघितल्यावरच का?

ती वाकली.

लाल नळी तिच्या लॅबमधली होती. ऑगस्टमधला एक रविवार होता. पायरीवर स्कूटर उघडून तिने प्रत्येक जोड ब्रशने साफ केला होता. त्यात ही एक वायर जोडापाशी गंजून हिरवी पडलेली, एकाच डब्यातून निघून त्याच डब्यात जाणारी. कुठूनच कुठे न जाणारी. बिनकामाची म्हणून तिने ती कापली, टोकं नीट बंद केली आणि गावठाणाच्या बोळात दोन फेऱ्या मारून बघितल्या. त्या बोळात पंधराच्या वर सायकलही जात नाही.

त्या दिवशी बॅटरीचा उजेड धरून शेजारी गॅविन उभा होता.

मॅडमनी पेन उघडलं. "पूर्ण नाव?"

गॅविनने तोंड उघडलं.

"नॅटली अँथनी परेरा," नॅटली म्हणाली. "आणि नातंही लिहा. भाची."