अपिलाची मुदत

"अभिनंदन, मॅडम. निकाल तुमच्या बाजूने लागला," मोजणीदार धक्क्यावर म्हणाला खरा, पण आवाज असा निघाला की नावाड्यानेही वळून पाहिलं.

"आभारी आहे," बंदर खात्याच्या बाई म्हणाल्या आणि बूट हातात घेऊन नावेत चढल्या.

भांडण बेटाचं नव्हतंच. बेट पक्ष्यांचं, त्यावर अभयारण्याची पाटी, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं भोवतीच्या पाण्याखालच्या जमिनीचं. अभयारण्याचं म्हणणं, आमचे पक्षी त्याच चिखलात चरतात, म्हणून ती आमची. बंदर खात्याचं म्हणणं, पाण्याखाली गेलं ते आमचं. शेवटी न्यायाधीशांनी वैतागून हुकूम काढला, की खटला चालू आहे तोवर दरवर्षी मोठ्या ओहोटीला दोन्ही खात्यांनी एकाच नावेतून जाऊन मोजणी करायची. अभयारण्यातर्फे हा मोजणीदार, बंदर खात्यातर्फे या बाई. तो खुणांची काठी पाण्यात उभी करायचा, त्या आकडा लिहायच्या. वर्षातला तो एक दिवस. बाकीचं वर्ष त्या एका दिवसाच्या आशेवर निघायचं, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. "दादा, म्हातारा होईस्तोवर पाणीच मोजत बस," असे टोमणे मारणाऱ्या बहिणीलाही नाही.

आता हद्दीची शेवटची मापं घेतली की संपलं. आज काही झालं तरी बोलायचंच, असं ठरवून तो आला होता, आणि नेहमीसारखी जीभ टाळ्याला चिकटली होती.

"एवढं चांगलं चाललेलं भांडण," नावाडी वल्ही मारत कुरकुरला, "कोर्टाला बघवलं नाही."

बाई हसल्या. मोजणीदार काठी पुसत राहिला.

बेटाला अर्धा वळसा झाला तेव्हा बाईंनी मान वर न करताच विचारलं, "तुमच्या लोकांनी अपील केलं असेल ना?"

"नाही केलं."

पेन्सिल थांबली. "का?"

त्याला वाटलं होतं, त्या खूश होतील. "साहेबांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, मोजणीत कुठे खोट काढता येते का बघ. मी म्हटलं, मापं चोख आहेत, अपिलात दम नाही." त्याने घसा खाकरला. "तुम्ही एवढी वर्षं लढलात. म्हटलं, जिंकल्यावर पाय ओढायला नकोत."

"मुदत?"

"काल संपली."

बाईंनी वही मिटली.

"देवमाणूस आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. हे कौतुक नव्हे, एवढं नावाड्यालाही कळलं. "अहो, ओहोटीला उघडी पडणारी ती बेटाजवळची वाळूची पट्टी निकालात धरलेलीच नाही. शेंबड्या पोरानेसुद्धा अपील केलं असतं. मी आपली रोज टपाल बघतेय, आज नोटीस येईल, उद्या येईल. आणखी पाच-सात वर्षं सहज चालला असता खटला!"

म्हणजे बाईसुद्धा? इतकी वर्षं? आणि मोजणीदाराने हरिश्चंद्राचा अवतार घेऊन स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतला होता, तोही दोघांच्या पायांवर.

"मला काय ठाऊक, मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

"कसं असणार? विचारलंत कधी?"

नाव शेवटच्या खुणेपाशी आली. पक्षी चिखलातून उठून बेटाकडे निघाले होते.

"भरती लागली," नावाडी म्हणाला. "आवरा लवकर, नाहीतर परत जाताना माझे खांदे निखळतील."

मोजणीदाराने काठी उभी केली आणि आकडा सांगितला. बाईंनी तो लिहिला नाही.

"परत घ्या."

"बरोबर आहे ते."

"असेल. परत घ्या."

त्याने काठी उपसली, तिचा चिखल धुतला, सावकाश, जमेल तितक्या सावकाश, आणि त्याच जागी पुन्हा रोवली. तेवढ्यात पाणी बोटभर चढलं होतं.

"आकडा बदलला," तो म्हणाला.

नावाड्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि वल्ही आत घेतली.

"मग काय," बाई म्हणाल्या, "परत घ्यावं लागणार."