आठ ओळी

म्हाताऱ्या सुईणीच्या नजरेनं गल्लीतली बाळं दगावतात, ही अफवा पत्रकारानं लेखात तिखटमीठ लावून सांगितली आणि शेवटच्या आठ ओळींत त्या अफवेच्या चिंधड्या उडवल्या. दोष नजरेचा नव्हताच, नळात मिसळणाऱ्या गटाराच्या पाण्याचा होता.

लेख छापून आला, त्याच सकाळी गल्लीनं सुईणीला केस धरून फरफटत बाहेर काढलं आणि दगडांनी ठेचून मारलं.

रक्तानं माखलेलं ते पान घेऊन पत्रकार कचेरीत शिरला आणि त्यानं उपसंपादकाची गचांडी धरली. "शेवटच्या आठ ओळी कुठायत?"

"ऐन वेळी जाहिरात आली रे! नेहमीसारखा खालून कापला लेख."

"मारलं तिला लोकांनी!"



"काय सांगतोस! मग लिही ना, उद्या अख्खं पान देतो."