पाणी निवळेपर्यंत

सकाळी माशांच्या टाकीचं झाकण उचललं तर काळी मॉली मासोळी उताणी तरंगत होती. ही दुसरी. मेघानं तिला जाळीनं उचललं, तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलं आणि ओढणी कमरेला करकचून बांधली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच.

पाणी कसलं, तांदळाचं धुवण होतं ते! माशांची काचेची टाकी स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या ओट्यावर. एरवी पोळ्या लाटता लाटता पाण्यातून पलीकडचा सोफा दिसायचा, सोफ्यावर बसलेले सासरे दिसायचे. आता नुसतं पांढरं धुकं. तिनं काय काय करून पाहिलं नव्हतं! सगळं पाणी उपसून नवं भरलं, पुन्हा तेच. शेजारच्या प्रेमिलाबाई म्हणाल्या तुरटी फिरव, तीही फिरवली. शेवटी मासेवाल्या दुकानदारानं फोनवर झापलं, "मॅडम, सारखं पाणी बदलवून नका राहू. खाणं जास्त होऊन राहिलं, तळाशी सडून राहिलं. थोडे दिवस उपाशी ठेवा, काही होत नाही." तेव्हापासून माशांच्या दाण्यांचा डबा तिनं कपाटात कुलपात टाकला होता. तरी पाणी आपलं ढिम्म.

"अहो, तुम्ही तर नाही ना चोरून चारून राहिले?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आईशप्पथ नाही वं," प्रशिक बूट चढवत म्हणाला. "अन् तू माशांचं काय घेऊन बसली? बाबांचं वजन पाहिलं का? अजून उतरलं."

तेही खरंच होतं. सासऱ्यांच्या, चंद्रभानजींच्या, पोटाचं ऑपरेशन झालेलं. धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, अन्न अंगी लागलं पाहिजे, नाहीतर पुन्हा भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. म्हणून मेघा रोज मुगाची मऊसूत खिचडी रांधायची, वर तूप सोडायची, वाटी सोफ्यापुढे ठेवून यायची. वाटी चाटूनपुसून परत यायची. आणि वजनाचा काटा मात्र खाली खालीच. एवढं खाल्लेलं जातं तरी कुठं, हे काही तिला उमजत नव्हतं.

प्रशिक कामावर गेला. तिनं रबरी नळीचं एक टोक टाकीच्या तळाशी सोडलं, दुसरं बादलीत धरलं. जरा पाणी आलं आणि नळी तुंबली. तिनं टोक बाहेर काढून तळहातावर झटकलं. पिवळट, बुळबुळीत लगदा पडला. अंगठ्यानं चोळून पाहिलं तर शिजलेली मुगाची डाळ, आणि तिच्यात एक जिरं.

माशांच्या दाण्यांत जिरं नसतं.

तिचं डोकं भणाणलं. तशीच ओल्या हातानं ती बैठकीत आली. चंद्रभानजींनी तिच्या तळहाताकडं पाहिलं आणि नजर भिंतीकडं वळवली.

"मामाजी, हे काय होय?"

"जात नाही वं पोरी," ते म्हणाले. "घास तोंडातच फिरते नुसता. तू एवढी राबून राहिली, वाटी तशीच्या तशी परत कशी देऊ? मले वाटलं, मासे खातीन. कोणाच्या तरी पोटात जाईन."

"ते खाऊन मेले मामाजी. अन् तुम्ही न खाता..." तिला रडूच फुटलं. हात बरबटलेले, म्हणून डोळे तिनं कोपरानं पुसले.

मग ती आत गेली. हात धुतले, कपाटाचं कुलूप काढलं आणि दाण्यांचा डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"आता ऐका. हा डबा आजपासून तुमच्या ताब्यात. पाणी निवळेपर्यंत त्यायले लंघन. निवळलं की आधी तुमची वाटी, मगच त्यायचे दाणे. तुम्ही उपाशी, तर तेही उपाशी."

"अन् नाहीच गेला घास तर?"

"अर्धा चमचा घ्या. तोही नाही गेला तर थांबू. मी बसून राहते इथं, मले काही घाई नाही."

"लयच कडक आहेस वं तू."

"आहेच मी कडक."

त्या दिवशी ती खरंच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. खिचडी गार झाली की गरम करून आणायची, पुन्हा पुढं ठेवायची. म्हातारा तोंड वाकडं करायचा, कधी चिडायचा, एकदा तर चमचाच आपटला. तिनं तो धुऊन पुन्हा हातात दिला.

मग एका दुपारी पोळी लाटता लाटता तिनं सवयीनं मान वर केली आणि तिचा हात थांबला. पाण्यातून सोफा दिसत होता. चंद्रभानजी मांडीवर वाटी घेऊन बसले होते, डबा शेजारी. सगळे मासे त्यांच्या बाजूच्या काचेशी गोळा होऊन तोंडं उघडत मिटत होते. त्यांनी घास तोंडात घातला, डोळे मिटून कितीतरी वेळ चावला, गिळला. मग काचेकडं वाकून माशांवर खेकसले,

"थांबा ना गा जरासे! खाऊन तर राहिलो मी."