लीलाआत्या सिनेमा विकत घेते

सलिलचा पहिला सिनेमा ऑनलाइन आला. ट्रेलरमध्ये घर सोडून आलेली एक मुलगी पिशवी घेऊन दाभोळच्या धक्क्यावर कुणाची तरी वाट बघत उभी होती. मांडवीतल्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी सलिलची पाठ थोपटली आणि लगोलग फुकटची लिंक मागितली. किंमत विचारली ती एकट्या लीलाआत्याने.

"भाड्याने नव्याण्णव, आत्या. सुरू केलास की दोन दिवसांत बघून संपवायचा. विकत घेतलास तर तीनशे, मग कायमचा तुझा."

"म्हणजे भाड्याने घेणं हे आपण आंब्याची कलमं मोसमापुरती कराराने देतो तसं. आणि विकत म्हणजे सातबारा नावावर."

"अगदी तसंच," सलिल हसत म्हणाला.

बांगड्यांच्या वाट्यामागे दहा रुपये सुटेपर्यंत कोळणीसमोरून न हलणारी ही बाई, पण आज घासाघीस म्हणून केली नाही. तांदळाच्या डब्यातून तीनशे रुपये काढून तिने त्याच्या हातावर ठेवले. सलिलला भरून आलं. पैसे मोजून सिनेमा बघणारं घरात कुणीतरी निघालं, या आनंदात त्याने तिच्या फोनवर तो विकत घेऊन दिला.

आत्याने फोन पालथा ठेवला. बाहेर झोपाळ्यावर तिचे यजमान पेपर वाचत होते. तिने आवाज खाली आणला.

"झाला ना माझा? मग आता दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. धक्क्यावरचं ते मी एकट्या तुला सांगितलं होतं रे. ह्यांनासुद्धा नाही."