कोपऱ्यातल्या घरावरची टिकली

शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर नवा नकाशा लागला आणि वहिनीचा ऊर भरून आला. तिची अख्खी गल्ली नकाशात लाल झाली होती.

"बघा," ती मागे वळून म्हणाली, "आपली एकसुद्धा टिकली वाया गेली नाही!"

घरी बसून शिवणकाम करणारी ही बाई. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मागच्या बैठकीत वस्तीचा आराखडा करणाऱ्या पालिकेच्या मॅडमनी साधा नकाशा टेबलावर पसरला होता, लाल चिकट टिकल्यांची पाकिटं वाटली होती आणि सांगितलं होतं, जिथे त्रास आहे तिथे लावा. गटार तुंबत असेल, पाणी चढत नसेल, भिंत ओल धरत असेल. लोक लाजले. आपल्या घरातली घाण परक्यापुढे कोण काढून दाखवणार? तेव्हा वहिनीच पुढे झाली. "अहो, ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? लावा बघू!" असं म्हणत तिने एकेकाला हाताला धरून टेबलापाशी आणलं.

घड्याळवाले आजोबा तेवढे हाताची घडी घालून बसून राहिले. गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यात, त्यांचं एका खोलीचं घर. पुढे दुरुस्तीचं टेबल, मागे खाट, आणि कुणी विचारपूस करायला यावं असं माणूस नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले होते. "माझ्या घराला काही धाड भरलेली नाही."

"तुमच्या मागच्या भिंतीला हात लावला की हात ओला होतो, आजोबा," वहिनी म्हणाली होती.

"तुझ्याच हाताला घाम येत असेल."

सगळे हसले होते. मग आजोबा पाणी प्यायला बाहेर गेले आणि वहिनीने हळूच एक टिकली त्यांच्या घरावर लावून टाकली. म्हातारं हट्टी आहे म्हणून त्याने ओलीत झोपायचं की काय?

आज मॅडम खुशीत होत्या. "इतका छान प्रतिसाद दुसऱ्या कुठल्याच वस्तीत मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "हा सगळा आराखडा तुमच्याच माहितीवर उभा आहे."

"मग दुरुस्तीला सुरुवात कधी?" गल्लीतल्या प्लंबरने विचारलं.

"दुरुस्ती नाही. लाल घरं राहायला अयोग्य ठरली आहेत. ती पाडून तिथे मोठी जलवाहिनी, रुंद रस्ता आणि परवडणाऱ्या घरांच्या चार इमारती येतील."

मग प्लंबरची बायको उठली. "त्या इमारतींत आम्ही जाणार ना?"

"अर्ज करता येईल तुम्हाला. सगळ्यांनाच येईल. सोडत निघेल."

"आणि नंबर लागेपर्यंत राहायचं कुठे?"

"त्यासाठी वेगळी बैठक ठेवू," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की हे उत्तर झालं.

हॉलमध्ये कालवा उठला. कुणी ओरडत होतं, कुणी कपाळाला हात लावून बसलं होतं. प्लंबरच्या बायकोने मान वळवून वहिनीकडे फक्त पाहिलं. वहिनीला आता कळलं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असता तर एक वेळ चाललं असतं. इथे हौसेने सगळ्या गल्लीच्या पायावर पाडला होता.

"आणि ज्या घरावर लाल नाही, त्याचं काय?" मागून शांत आवाज आला. आजोबा उभे होते.

"ते आहे तसंच राहील, काका. पण तसं एकही घर नाही."

"आहे की. एक आहे."

आजोबा खुर्च्यांच्या मधून नकाशाकडे निघाले. जाता जाता त्यांनी प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस रे. सामान माझ्याकडे आणून टाक. पोरांची गादी टेबलाखाली मावेल." वहिनी वाटेतच उभी होती. त्यांना अडवावं, हात धरून बाहेर न्यावं असं तिला फार वाटलं, पण ती बाजूला झाली. तिच्या शेजारून जाताना ते हळूच म्हणाले, "तूही ये. मशीन आणायला विसरू नकोस."

नकाशाजवळ जाऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गल्लीच्या तोंडावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"ही माझी नव्हे," ते म्हणाले. "मी लावलीच नव्हती. चुकून पडली असणार." त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं, त्याने ते घड्याळांची झाकणं उघडायचे. तेच नख त्यांनी टिकलीच्या कडेला घातलं.

"काका, ती चिकटवलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "आता छापून आली आहे."

आजोबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. कागदावर नख घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"आजोबा," वहिनीला रडू आवरेना, "मी लावली ती. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात तेव्हा."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"ओल तर होतीच गं," ते म्हणाले. "तू खोटं कुठे लावलंस?" आणि त्यांनी पुन्हा नख लावलं.