चुलीतला विळा

"पोराला डबा झालाय. पोटावर डाग दिल्याशिवाय उतरायचा नाही," म्हणत थोरल्या जाऊबाईंनी विळा चुलीत सरकवला.

माझ्या सुनेनं बाळाला घट्ट धरलं. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. दर हिवाळ्यात कुणाचं तरी लेकरू असंच धापा टाकतं. हा न्यूमोनिया असतो, दवाखान्यात न्या, हे सांगून सांगून मी दमले होते. या वेळी मी पदर बाजूला करून माझ्या पोटावरचा जुना डाग दाखवला.

"बघ, डागलं म्हणूनच जगलीस ना?" जाऊबाई म्हणाल्या.

"माझ्या पाठच्या भावालाही डागलं होतं, अक्का. तो नाही जगला."

जाऊबाईंनी अंगावरची शाल काढून बाळाला गुंडाळलं आणि सुनेवरच खेकसल्या, "बघत काय बसलीस? रिक्षा बोलाव!"

विळा चुलीत लाल होत राहिला.